फुंकेचे वकीलपत्र

रात्रीचे साडेदहा वाजून गेले, मांबलम स्थानकाच्या पुलावरची गर्दी विरळ झाली आणि पलीकडच्या रंगनाथन रस्त्यावरील कापडदुकानांचे दिवे एकेक करून मालवले, म्हणजे दुरैस्वामी भुयारी मार्गाच्या तोंडाशी कधी कधी पोलिसांचे दोन कठडे तिरपे उभे राहतात, आणि घराकडे वळणाऱ्या दुचाकीस्वाराच्या ओठांपुढे एक पांढरी नळी धरून एकच शब्द उच्चारला जातो : "ऊदुंग." फुंका. त्या शब्दात दरडावणी नसते. दिवसभर उन्हात उभा राहिलेला शिपाई तो इतक्या कंटाळलेल्या आवाजात उच्चारतो, की देवळातला गुरव तीर्थासाठी हात पुढे करायला सांगत असावा असे वाटते. या एका फुंकेवर माझा निम्मा चरितार्थ तीस वर्षे चालला, ही गोष्ट मी पुष्कळ दिवस चारचौघांत काढीत नसे. वकिलाने सांगावेत ते खुनाचे, वाटणीचे, निदान बनावट मृत्युपत्राचे दावे. दारू पिऊन गाडी हाकल्याचा खटला म्हणजे आमच्या धंद्यातली चिल्लर. सैदापेटच्या न्यायालयाच्या ओसरीवर स्नेह्यांनी मला यावरून एक तमिळ नाव ठेवलेले आहे. ते येथे लिहिण्यासारखे नाही.

आमचे घराणे कुंभकोणमकडचे, तंजावरच्या भोसल्यांच्या पदरी कधीकाळी कारकुनी केलेले. वडिलांनी मद्रासेत वकिली मांडली आणि वेस्ट मांबलममध्ये लेक व्ह्यू रोडनजीक बिऱ्हाड केले. ज्या तळ्याचे दर्शन घडावे म्हणून त्या रस्त्याला हे नाव पडले, ते लांबलचक तळे त्यागरायनगर वसवण्यासाठी १९२० नंतरच्या दशकातच बुजवले गेले होते; तळे गेले, नाव आणि डास तेवढे आमच्या वाट्याला राहिले. घरी आम्ही जी मराठी बोलतो ती ऐकून पुण्याचा मनुष्य क्षणभर गोंधळतो, आणि लिहितो ती वडिलांच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकांवरून उचललेली असल्यामुळे आजच्या वाचकाला ती कदाचित आजोबांच्या अंगरख्यासारखी वाटेल. परंतु कचेरीत मला परकेपणा कधी वाटला नाही, कारण आमच्या पूर्वजांनी आणि त्यांच्या आधीच्या अंमलदारांनी मागे ठेवलेले शब्द तिथे अजून नोकरीत आहेत. तमिळमध्येही वकील तो वक्कील, कारकून तो गुमास्ता, जामीन तो जामीन आणि जप्ती ती जप्ती. देण्याघेण्याच्या मुदतीचा आपला वायदा तिथे खटल्याच्या तारखेचा झाला आहे, आणि ती पुढे ढकलली गेली की पक्षकार "वायदा" एवढाच उद्गार काढून उपाहारगृहाकडे वळतो.

वडिलांच्या काळी गाडीचा प्रश्नच नसे. पिणे हाच गुन्हा होता. राजाजींनी १९३७ च्या ऑक्टोबरात सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली, १९४८ पर्यंत ती साऱ्या मद्रास इलाख्यात पसरली, आणि वडिलांच्या उमेदीची वर्षे आरोपीच्या तोंडाला वास येत होता की नव्हता या एका मुद्द्याची उलटतपासणी घेण्यात गेली. पुढे १९७१ साली बंदी उठली, काही वर्षांत पुन्हा बसली, १९८१ साली पुन्हा उठली; आणि २००३ च्या नोव्हेंबरपासून तर किरकोळ विक्रीची दुकानेसुद्धा टास्माक या नावाने सरकारच चालवते. दुकान सरकारचे, रस्ता सरकारचा, नळीही सरकारची. फुंक तेवढी अशिलाची. या व्यवस्थेवर टीका करण्याचा माझा अधिकार नाही, कारण तिच्यावर माझेही पोट आहे.

जुना कायदा आणि नवा कायदा यांत जो भेद आहे, तो सामान्य माणसाला बारीक वाटेल, पण आमच्या सगळ्या कामाचा पाया तोच आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याचे मूळचे ११७ वे कलम विचारीत असे की, हा मनुष्य मद्याच्या अमलाखाली इतका होता काय, की वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास तो असमर्थ ठरावा? प्रश्न माणसाविषयीचा होता, आणि त्याचे उत्तर माणसेच देत : शिपाई, पंच, डॉक्टर. १९८८ च्या कायद्याचे १८५ वे कलम असे काही विचारीत नाही. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क यंत्राने दाखवला, की गुन्हा पुरा झाला. मग तुम्ही दोरीवरून चालून दाखवा किंवा विष्णुसहस्रनाम उलटे म्हणा. न्यू जर्सीत स्थायिक झालेला माझा भाचा सांगतो की तिकडचे पोलीस अजून रस्त्याच्या कडेला माणसाची परीक्षा घेतात : लेखणीच्या टोकामागे डोळे फिरवायला लावतात, टाचेला अंगठा लावीत सरळ रेषेत नऊ पावले जाऊन वळायला सांगतात, एका पायावर उभे करतात. हे ऐकून मला आमच्या आर्य गौडा रस्त्याचा पदपथ आठवला. त्यावर फुलवाले, केळीवाले, उघडी गटारे आणि झोपलेली कुत्री चुकवीत सरळ रेषेत नऊ पावले भर दुपारी एखाद्या निर्व्यसनी न्यायाधीशालाही टाकता येणार नाहीत.

तरी माणसाने माणसाची घेतलेली ती परीक्षा मी एकदा प्रत्यक्ष अनुभवली आहे, आणि ती मराठी माणसाची होती म्हणून सविस्तर सांगतो.

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची माणसे पिढ्यान् पिढ्या गावोगाव सोने-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा, व्यवसाय करीत आली आहेत. आमच्या शहरात सावकारपेठेच्या गल्ल्यांतून त्यांच्या भट्ट्या आहेत. दहा-बारा वर्षांपूर्वी एका कार्तिकात, पावसाच्या दिवसांत, तिथले एक वयस्क मालक आपल्या पुतण्याला घेऊन माझ्याकडे आले, ते मी निष्णात आहे म्हणून नव्हे, तर मी मराठी आहे असे त्यांना कोणी सांगितले म्हणून. मुलगा चोविशीचा, गळ्यात तुळशीची माळ. रात्री भट्टी आवरून मोटारसायकलवर खोलीकडे जात असता त्याला अडवले. पोलिसांजवळचे यंत्र त्या रात्री बंद पडले होते. त्याला एका रुग्णालयात नेले, आणि तिथल्या डॉक्टरने छापील दाखल्यावर लिहिले : तोंडास मद्यासारखा वास, डोळे लाल, चाल अस्थिर, बोलणे असंबद्ध. रक्त घेतले नव्हते. त्या वेळी पहिल्या गुन्ह्याचा दंड फार तर दोन हजार रुपये होता आणि गुन्हा कबूल करून मोकळे होणे हीच सर्वांची रीत होती, म्हणून मीही तोच सल्ला दिला. मुलगा मान खाली घालून बसला होता तो एकदम म्हणाला, "साहेब, पैकं भरतो की. पर म्या प्यालो असं लिवून द्याचं न्हाई. त्या दिशी एकादस हुती."

मला आपल्या सल्ल्याची लाज वाटली. गलाईच्या भट्टीपुढे दिवसभर नायट्रिक आम्लाच्या वाफेत बसणाऱ्या माणसाचे डोळे लाल नसतील तर कोणाचे असतील. आणि एकादशीचा उपवास करून रात्री अकरा वाजता पावसात भिजलेला मनुष्य ताठ चालला असता तरच नवल. डॉक्टर साक्षीला आले. मनुष्य प्रामाणिक, थकलेला, एका रात्रीत असे वीस दाखले लिहिणारा. त्यांना खोटे पाडण्याची माझी इच्छाही नव्हती. मी एवढेच विचारले की, आपण आरोपीला प्रश्न कोणत्या भाषेत विचारलेत? "तमिळमध्ये, मग थोडे हिंदीत." आणि त्याने उत्तर कोणत्या भाषेत दिले? डॉक्टर थांबले, मुलाकडे पाहिले, आणि म्हणाले, "ते मला समजले नाही. म्हणूनच असंबद्ध लिहिले."

न्यायाधीशबाईंनी मुलाला काही विचारले, आणि तो घाबरून आपल्या माणदेशी बोलीत सुसाट बोलत सुटला. दुभाषाची परवानगी मागायला मी उठलो, तर त्यांनी हाताने मला बसवले. त्या बोलण्यातून "वकील", "जामीन" आणि "दंड" हे शब्द त्यांच्या कानांनी अचूक टिपले होते, आणि एवढे ऐकून त्या हसल्या. माझ्या हाताशी १९७१ चा सर्वोच्च न्यायालयाचा बच्चूभाई करयाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल होता. वास, डळमळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि अडखळते बोलणे एवढ्यावरून मनुष्य प्यालेला होता असा निष्कर्ष काढता येत नाही, रक्ताच्या किंवा लघवीच्या तपासणीचा आधार हवा, असे त्यात सांगितले आहे. परंतु तो वाचण्याची वेळच आली नाही. यंत्राचा आकडा नाही, रक्ताचा नाही, मग १८५ वे कलम उभे कशावर राहणार? मुलगा सुटला. जप्त केलेली मोटारसायकल मिळवायला मात्र आणखी सहा आठवडे लागले, आणि तोवर तिची बैठक उंदरांनी कुरतडली होती.

या खटल्यानंतर मी यंत्राच्या बाजूचा झालो. माणसाच्या कानाला, नाकाला, पूर्वग्रहाला न विचारता जे सगळ्यांना एकाच मापाने मोजते, ते यंत्र गरिबाचे आणि परमुलखातल्याचे खरे रक्षण करील असे मला मनापासून वाटू लागले. आणि काही वर्षे मी तसे बोलतही असे. मग आमच्याच गल्लीतल्या स्वयंपाक्यांचे प्रकरण आले.

वेस्ट मांबलम ही पुरोहितांची आणि लग्नाच्या स्वयंपाक्यांची वसाहत. अयोध्या मंडपाच्या आसपास पहाटे उभे राहिले तर चेन्नईतल्या निम्म्या मंगलकार्यांचे उपाध्ये आणि आचारी तिथून निघताना दिसतील. असेच एक साठीचे आचारी, आयुष्यात मद्याचा थेंब न शिवलेले, एका मंगल कार्यालयातून मोपेडवर परतत होते. निघताना पोट जड वाटले म्हणून त्यांनी पिशवीतल्या बाटलीतून दशमूलारिष्टाचे दोन घोट घेतले आणि चार-पाच मिनिटांत ते कठड्यांपाशी पोहोचले. फुंकले. आकडा आला अठ्ठावन्न. रात्री बारा वाजता ते माझ्या दारात उभे होते, आणि त्यांच्या तोंडून "मामा" या हाकेपलीकडे शब्द फुटत नव्हता.

त्यांच्यासाठी मी ते यंत्र प्रथम नीट समजून घेतले. पोटातून रक्तात गेलेला मद्यार्क फुप्फुसांत रक्तातून हवेत उतरतो, आणि खोल श्वासातल्या हवेत तो रक्ताच्या मानाने सुमारे दोन हजार शंभरावा हिस्सा असतो असे धरून यंत्र आपला हिशेब मांडते. आत प्लॅटिनमचा पत्रा असतो, त्याच्यावर मद्यार्काचे ऑक्सिडीकरण होऊन जी सूक्ष्म विद्युत् निर्माण होते तीच मोजली जाते. आता यंत्राला फुप्फुसातली हवा आणि गालातली हवा यांतला भेद कळत नाही. अरिष्ट म्हणजे धायटीच्या फुलांनी आंबवलेला काढा. त्यात मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो आणि बाटलीवर तसे छापलेलेही असते. दोन घोटांतला सगळा मद्यार्क रक्तात मिसळला तरी तिशीच्या जवळपासही आकडा जाणार नाही; पण तो नुकताच तोंडातून गेला असेल तर हिरड्यांत रेंगाळलेला वासच यंत्राला भरमसाट वाटतो. पंधरा मिनिटे थांबावे, चुळा भरू द्याव्यात आणि पुन्हा फुंकायला लावावे, एवढाच त्यावर उपाय. आणि कायद्याचे २०३ वे कलम श्वासाचे एकाहून अधिक नमुने घ्यायला मुभा देतेच. त्या रात्री रांग मोठी होती; पंधरा मिनिटे कोणाजवळ नव्हती.

२०२३ साली तर शहरातल्या एका माणसाला, जो प्यालेलाच नव्हता, यंत्राने पंचेचाळीस दाखवले आणि दुसऱ्या यंत्राने शून्य, ही गोष्ट वृत्तपत्रांतून पुष्कळ गाजली. शेजारच्या केरळात उच्च न्यायालयाने २०२५ साली एक खटला याच कारणाने रद्द केला की, माणसाला फुंकायला लावण्यापूर्वी यंत्रात नुसती हवा घेऊन ते शून्य दाखवते की नाही हे पाहायचे असते, आणि तिथे ते शून्य आलेले नव्हते. तराजूत माल घालण्यापूर्वी काटा मध्यावर आहे का हे पाहणे आमच्या बाजारातली भाजीवालीसुद्धा चुकवीत नाही. माझ्या आचाऱ्यांच्या बाबतीत काटा तपासल्याची नोंद नव्हती. दुसरा नमुना नव्हता. तिसऱ्या वायद्याला ते सुटले. ते अरिष्ट अजून घेतात, पण आता बाटली बंद केल्यावर मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत पंधरा मिनिटे मोपेडशेजारी उभे राहतात, आणि कार्यालयातली पोरे त्यांना हसतात.

येथपर्यंत माझी बाजू बरी दिसते. परंतु माझ्या शंभर अशिलांपैकी असा आचारी एखादा. बाकीचे प्यालेलेच असतात, आणि मला ते माहीत असते. दंड दोन हजारांचा होता तोवर ते मुकाट्याने कबुली देत. केंद्राने २०१९ साली तो दहा हजार केला आणि तमिळनाडूत २०२२ च्या ऑक्टोबरात तो लागू झाला, तेव्हा रिक्षावाल्याच्या पंधरा-वीस दिवसांच्या कमाईचा प्रश्न आला आणि आमच्या ओसरीला एकाएकी बहर आला. मग आम्ही काय करतो? यंत्रातून छापून येणाऱ्या चिठ्ठीवरची वेळ पाहतो, त्याच्या तपासणीची तारीख पाहतो. अटक झाली असेल तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली की नाही, कारण न झाल्यास सोडून द्यावे असे २०२ व्या कलमातच आहे, ते पाहतो. मुंबईत २००२ साली घडलेल्या, सर्वांना ठाऊक असलेल्या एका अभिनेत्याच्या अपघाताच्या खटल्यात रुग्णालयात सहा मिलिलिटर रक्त काढले गेले आणि प्रयोगशाळेत चारच पोहोचले हा मुद्दा निघाला. उच्च न्यायालयाने २०१५ च्या डिसेंबरात त्याला निर्दोष ठरवताना त्या नमुन्याच्या प्रवासावर विश्वास ठेवला नाही. दोन मिलिलिटर म्हणजे सुमारे अर्धा चमचा. त्या अर्ध्या चमच्यावर हसणारे मी पुष्कळ पाहिले. मी हसलो नाही, कारण आचाऱ्यांना वाचवणारी पंधरा मिनिटे त्याच जातीची होती. आणि तरीही मुंबईच्याच कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर झोपलेल्यांवर मोटार चढून सात माणसे मेली, चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क निघाला, हा निकाल वाचून मी पुस्तक मिटले त्या रात्री मला आपला धंदा सोज्ज्वळ वाटला नाही हेही खरे. मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ साली अशाच एका आरोपीला जामीन देताना अडयारच्या चौकात दोन आठवडे मद्यपानविरोधी पत्रके वाटण्याची अट घातली होती. न्यायमूर्तींना सुचलेली ती युक्ती मला आवडली. वकिलांनाही पत्रकांचा एक गठ्ठा द्यायला हवा होता.

गेल्या दोन-तीन वर्षांत मी सोडवलेल्यांपैकी एक अशोकनगरकडचा रिक्षावाला. आकडा शंभराच्या वर होता, आणि तो मला बरोबरच वाटला. परंतु चिठ्ठीवर छापलेली वेळ दुपारी तीनची होती आणि पकडले होते रात्री अकराला, कारण यंत्राचे घड्याळ कोणी लावलेच नव्हते. खटला तिथेच बसला. चार दिवसांनी त्याची बायको माझ्या कचेरीत आली. मला वाटले फीची उरलेली रक्कम घेऊन आली असेल. ती खुर्चीवर बसली नाही, पदराचे टोक बोटाला गुंडाळीत तिने विचारले, "वक्कील सार, परवाना परत मिळायला अजून थोडे दिवस नाही का लागायचे?"

मला प्रथम वाटले, ती घाई करायला सांगते आहे. मग उलगडले, की त्याचा परवाना अडकलेला होता त्या दीड महिन्यात तो एका गोदामात हमाली करीत होता, संध्याकाळी घरी येत होता, आणि रिक्षा रात्री रस्त्यावर नव्हती. तिला तो दीड महिना पुन्हा हवा होता. कायद्यात त्याचीही सोय आहे : १९ वे कलम परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला सराईत मद्यपीचा परवाना रद्द करण्याचा अधिकार देते. पण तिचा नवरा माझा अशील. त्याच्याविरुद्ध एक अक्षर लिहिणे, एक सल्ला देणे मला निषिद्ध. मी तिला म्हणालो, "अम्मा, हे काम मला करता येणार नाही," आणि शेजारच्या गल्लीतल्या एका तरुण वकिलाचे नाव कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिले. तिने तो चिटोरा उलटून पाहिला, जणू मागे आणखी काही लिहिलेले असावे. काही नव्हते. मग ती जिना उतरून गेली, आणि मी त्या दिवशी गुमास्त्याला सांगितले की, त्या रिक्षावाल्याच्या फीची बाकी मागायची नाही. का, ते त्याने विचारले, आणि मी फाइल पुढे ओढली.